कॅम्परव्हॅनचा अँटेना: छतावरचा ओम्नी की खांबावरचा दिशादर्शक?
पत्र्याच्या गाडीत मोबाइलचा सिग्नल बराचसा बाहेरच अडतो. त्यामुळे 12 व्होल्टचा सिम राउटर (सिमकार्डावरून वाय-फाय देणारा डबा) घेतला तरी अँटेना बाहेरच हवा.

ओम्नी, म्हणजे सगळ्या दिशांनी सिग्नल घेणारा अँटेना, एकदा बसवला की पुन्हा हात लावायला नको, गाडी धावतानाही चालतो. गेन, म्हणजे सिग्नल एकवटून घेण्याची ताकद, मात्र साधारण 2 ते 5 डीबीआय (गेनचं माप). छताला भोक पडतं. सीलंट नीट भरलं नाही तर पहिल्याच पावसात गळती.

दिशादर्शक, म्हणजे एकाच दिशेला रोखायचा अँटेना, 9-10 डीबीआय देतो. टॉवर लांब असेल तर हा फरक फार मोठा. पण प्रत्येक मुक्कामी खांब उभा करा, अँटेना 20-20 अंशांनी फिरवा, दर वेळी अर्धा मिनिट थांबून राउटरच्या पानावर आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद; आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी चांगली) बघा. उणे 115 चा उणे 105 झाला की नट आवळा. खांबाचा खर्च वेगळा.

केबलमध्ये मात्र दोन्हीकडे फसगत होते. आरजी-58 सारखी बारीक केबल 2 गिगाहर्ट्झला मीटरमागे जवळपास 1 डीबी (डेसिबल) सिग्नल खाते. 10 मीटर ओढली की कमावलेला गेन गेलाच. राउटर अँटेनाजवळ ठेवा. आणि परवान्याशिवाय बूस्टर (सिग्नल वाढवणारं यंत्र) लावूच नका, तो बेकायदेशीर आहे.

रोज गाव बदलणाऱ्यांनी ओम्नी घ्यावा. कोकणातल्या एखाद्या खाडीकाठी आठवडाभर थांबून ऑफिसचं काम करायचं असेल, तर दिशादर्शकच.