कोणती सेवा पोर्टलवर, कोणती खिडकीवर?

नवीन शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर बऱ्याच कॉलेजांच्या बैठकीत हा विषय येतो: विद्यार्थी विभागाचं सगळं काम ऑनलाइन करायचं का? समोर सॉफ्टवेअरवाल्याचं कोटेशन असतं. कार्यालयातले दोघे निवृत्त झालेले असतात आणि त्यांच्या जागा भरल्या जाण्याची चिन्हं नसतात. अशा वेळी ‘टाका सगळं पोर्टलवर’ हा निर्णय सोपा वाटतो. मी अठरा वर्षं तालुक्याच्या ठिकाणच्या एका कॉलेजात विद्यार्थी विभागात होतो, त्यातली बरीचशी शिष्यवृत्तीच्या टेबलावर. आवक-जावकचं रजिस्टरही हाताळलं आणि पोर्टलचं लॉगिनही. तुम्ही हा निर्णय घेणार असाल, तर प्रत्येक सेवा वेगळी काढून बघा. बघताना एकच प्रश्न विचारा: आपल्याला नेमकं काय हवंय, हे मुलाला माहीत आहे का? माहीत असेल, तर पोर्टल. माहीत नसेल, तर खिडकी.

दाखले, गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट

इथे फार विचार करायची गरज नाही. बोनाफाईड हवंय, हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. खिडकीवर त्याच कामाचे तीन हेलपाटे होतात: अर्ज आणि फी एक दिवस, ‘साहेबांची सही राहिलीय’ म्हणून दुसरा, दाखला हातात पडतो तिसऱ्या दिवशी. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झालं, तेव्हा गडचिरोली आणि चंद्रपूरच्या मुलांचं नागपूरला जाणं वाचलं. तरी सिरोंचापासून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहेच, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. एका सहीसाठी त्या पोराला एसटीत बसवायचं कारणच उरलेलं नाही. परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचंही तसंच. परदेशात पदव्या तपासून देणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थांना ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) थेट शिक्षणसंस्थेकडून लागतं, आणि पोरगी टोरांटोत असताना तिचे वडील इथे रांगेत उभे राहतात, हे मी अनेकदा पाहिलंय. डिजिलॉकरमधला दाखला २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे. तेव्हा हे सगळं ऑनलाइन न्या, आणि आधी न्या.

फक्त एक काळजी घ्या. क्यूआर कोडचा दाखला तुम्ही द्याल, पण समोरचा माणूस ‘ओला शिक्का कुठाय?’ म्हणून मुलाला परत पाठवू शकतो. म्हणून सुरू करण्याआधी एसटी आगार, जवळच्या बँका आणि समाजकल्याणची वसतिगृहं यांना नमुना दाखवून लेखी कळवा. त्या एका पत्राने पुढचे शंभर हेलपाटे वाचतात.

आणि एक अपवाद करा: टीसी. वर्षाच्या मधेच टीसी मागायला आलेलं पोर हे सहसा कागद मागायला आलेलं नसतं. घरी कुणी आजारी असतं, मुलीचं लग्न ठरलेलं असतं, दोन विषय राहिल्याची लाज असते, नाहीतर फीचा हप्ता थकलेला असतो. खिडकीवरचा माणूस ‘का रे, काय झालं?’ एवढं विचारतो आणि पाचातली एक-दोन पोरं तरी थांबतात. हा माझा अंदाज आहे, हिशोब ठेवलेला नाही. पोर्टलवर मात्र ते कारण ‘वैयक्तिक’ या एका पर्यायात बसतं आणि अर्ज मंजूर होतो. टीसीचा अर्ज ऑनलाइन घ्यायचाच असेल, तर मंजुरीआधी वर्गशिक्षकाने मुलाशी बोलल्याची नोंद बंधनकारक करा.

शिष्यवृत्ती

इथे निवडायचा प्रश्न तुमच्या हातात नाही. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच भरायचा असतो. प्रश्न आहे तो मदतीचा. ती मदत चॅटवर द्यायची, की टेबलावर?

ऑनलाइनच्या बाजूने खूप काही आहे. पूर्वी अर्जांचे गठ्ठे बांधून समाजकल्याण कार्यालयात पोचवावे लागत, आणि एखादा अर्ज कुठे अडकला हे कुणालाच सांगता येत नसे. आता अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडे आहे, प्राचार्यांच्या लॉगिनला आहे की विभागाकडे, हे मुलाला फोनवर दिसतं. पैसे थेट खात्यात येतात. हे मोठं काम झालं आणि ते कबूल केलंच पाहिजे.

पण स्थिती दिसणं आणि ती कळणं यात फरक आहे. दिवाळीनंतर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी टेबलाशी आली. हातात प्लॅस्टिकची फाईल, त्यात जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं क्रमाने लावलेलं. म्हणाली, “सर, मैत्रिणींचे आले, माझे नाही आले. मोबाईलवर तर सगळं झालंय असं दाखवतंय.” पासबुक पाहिलं, खातं बरोबर होतं. मग आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते तपासलं. ते निघालं वेगळ्याच बँकेचं. दहावीत असताना गावात कॅम्प लागला होता, तिथे तिचं खातं उघडलं गेलं होतं. त्याचं पासबुक तिने कधी पाहिलंही नव्हतं. आधारवर आधारित पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार ज्या खात्याला जोडलंय तिथे जातात. तिचे पैसे तिथे येऊन पडलेले होते. त्या दिवशी ती फाईल छातीशी धरून बाकावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

हीच मुलगी चॅटवर असती, तर तिने लिहिलं असतं: पैसे आले नाहीत. उत्तर आलं असतं: रक्कम वितरित झाली आहे. तक्रार निकाली. दोन्ही वाक्यं खरी, आणि मुलीच्या हातात काहीच नाही. मध्यंतरी व्हाउचर ‘रिडीम’ करण्याचं बटण विद्यार्थ्याने स्वतः दाबावं लागत असे. मंजूर झालेली रक्कम त्या एका क्लिकसाठी थांबलेली असे आणि मुलांना ते माहीतच नसे. माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल कुणी पोर्टलवर तक्रार टाकत नाही.

दुसरी अडचण नेट कॅफेची. खेड्यातली निम्मीअधिक पोरं फॉर्म स्वतः भरत नव्हती, हे मी टेबलावर बसून पाहिलं. कॅफेवाला भरतो आणि घाईत कधी कधी स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो. पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. अर्ज ‘सेंड बॅक’, म्हणजे दुरुस्तीसाठी परत, झाल्याचा मेसेजही त्यालाच जातो, आणि मुदत संपेपर्यंत मुलाला पत्ता नसतो. म्हणून या सेवेसाठी माझं मत स्पष्ट आहे: अर्ज ऑनलाइन, मदत समोरासमोर. शिष्यवृत्तीचं टेबल बंद करू नका. उलट ऑगस्ट ते डिसेंबर तिथे एक जास्तीचा माणूस आणि दोन संगणक द्या. कमवा व शिका योजनेतली पोरं हे काम उत्तम करतात, कारण त्यांनी स्वतःचा फॉर्म नुकताच भरलेला असतो.

तक्रारी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) २०२३ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेला ऑनलाइन तक्रारीची सोय करायला सांगितलं आहे. आलेली तक्रार १५ दिवसांत संस्थेच्या म्हणण्यासह निवारण समितीकडे जायला हवी, आणि त्यावर दाद मागायला लोकपाल आहे. इथे पोर्टल खिडकीपेक्षा नक्कीच बरं. कागदी अर्जाची पोच मागायची मुलाला भीती वाटते. पोर्टल पोच आपोआप देतं आणि तारीख कुणाला बदलता येत नाही. शिक्षकाविरुद्धची तक्रार त्याच शिक्षकाच्या शेजारच्या खोलीत नेऊन द्यायला लागत नाही, हेही मोठं आहे. फक्त तक्रार कोणाकोणाला दिसते, ते पहिल्याच पानावर मराठीत लिहा. ते लिहिलेलं नसलं की मुलं नाव घालत नाहीत.

समुपदेशन

या बाबतीत दोन्ही बाजू भक्कम आहेत, आणि मला स्वतःला बराच काळ निर्णय करता आला नव्हता. समुपदेशकाच्या खोलीबाहेर बसलेलं पोर वर्गातल्या कुणाला तरी दिसतं, आणि छोट्या गावात तेवढं पुरतं. फोनवर तो धोका नाही. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर रात्री-अपरात्रीही मिळते, मराठीतही मिळते. कॉलेजचा समुपदेशक रात्री दोनला उपलब्ध नसतो.

पण बोलायला जागा लागते. वसतिगृहाच्या एका खोलीत चौघं, घरी दोन खोल्यांत सहा माणसं, आणि मुलीचा फोन बहुतेक वेळा भावाच्या हातात. स्क्रीनवरच्या समुपदेशकाशी ती काय बोलणार? तिला कॉलेजातली बंद दाराची खोली हीच मोकळेपणाची एकमेव जागा असते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं सांगितलं आहे. एखाद्या ॲपची वर्गणी भरून ही जबाबदारी टळते, असं मानू नका. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर माणूस नेमा. रात्रीसाठी १४४१६ फुकट आहे. तो आकडा वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर मोठ्या अक्षरात लावा.

ग्रंथालयाचं नूतनीकरण, ओळखपत्राची दुसरी प्रत, परीक्षा फॉर्मची पावती, प्लेसमेंटची नोंदणी: हे सगळं बिनघोर ऑनलाइन न्या.

किती वेगाने?

एका वर्षात सगळं, असं करू नका. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल कित्येक आठवडे रखडले, आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. तंत्र वाईट नव्हतं. जुनी वाट बंद करून नवीवर सगळ्यांना एकाच दिवशी सोडलं, हे नडलं. पहिल्या वर्षी दाखले आणि तक्रारी घ्या, आणि निदान एक पूर्ण सत्र खिडकी समांतर चालू ठेवा. त्या सत्रात खिडकीवर कोण येतंय याची साधी वही ठेवा: वर्ग, गाव, काम. पुढे काय न्यायचं आणि काय ठेवायचं, ते त्या वहीतून दिसेल.

खर्चाबद्दल एक सांगतो. कोटेशनमध्ये सॉफ्टवेअरची किंमत असते. पोर्टलवर आलेल्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या माणसाची नसते. तो माणूस खिडकीवरूनच उचलला, तर दोन्हीकडचं काम अर्धवट राहतं.

आणि खिडकीची वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. आमच्याकडे लांबच्या गावांची गाडी साडेचारला सुटायची, म्हणून आम्ही खिडकी बारा ते चार सलग उघडी ठेवली आणि जेवणाची सुट्टी आळीपाळीने घेतली.