प्रीपेडचं पोस्टपेड करून देतो, असा फोन आला तर आधी हे वाचा

साताऱ्यात माझ्या ओळखीतल्या आणखी काही घरी असाच फोन येऊन गेला, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं नाव घेत नाही. तुम्हाला उद्या येणारा फोन दुसऱ्याच कंपनीचा असू शकतो.

मी घरून सातवी-आठवीच्या मुलांचे गणिताचे ऑनलाइन क्लास घेते. आमच्या गल्लीत फायबर आलेलं नाही, सगळी भिस्त मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. प्रीपेडचा रोज २ जीबीचा प्लॅन होता. व्हिडिओ चालू ठेवून तासभर शिकवलं की जवळपास १ जीबी जातो. संध्याकाळची बॅच रंगात आली की डेटा संपायचा आणि वेग ६४ केबीपीएसवर यायचा. त्या वेगात व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर कसाबसा जातो, फळा दिसत नाही. मग वरून डेटा पॅक टाकायचा. त्यात वैधता २८ दिवसांची, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज.

फोन करणाऱ्या मुलाला हे सगळं माहीत होतं. कोणता प्लॅन, पॅक कधी टाकले, वैधता कधी संपते, त्यानेच मला वाचून दाखवलं. "ताई, पॅकवर उगाच पैसे घालवताय. ४९९ मध्ये पोस्टपेड करून देतो. रोजची मर्यादा नाही, महिनाभर कितीही वापरा." मी सरळ विचारलं, महिन्याची तरी मर्यादा आहे का? "नाही ताई, काहीच लिमिट नाही." आणि ४९९ च्या वर किती? "एक रुपयाही नाही. आता एक ओटीपी येईल, तेवढा सांगा." नंबर तोच, सिमही तेच, काम पाच मिनिटांत झालं.

माझ्या दोन्ही प्रश्नांना त्याने खोटी उत्तरं दिली होती. रोजची मर्यादा नव्हती, एवढंच खरं. महिन्याचा कोटा ५० जीबी होता आणि त्यापुढे दर एमबीला २ पैसे लागत होते. सगळी गोम इथेच आहे. रोजच्या मर्यादेच्या प्रीपेडमध्ये डेटा संपला की नेट रखडतं, पण परस्पर पैसे जात नाहीत. अशा पोस्टपेडमध्ये कोटा संपला तरी नेट जोरात चालत राहतं आणि रिक्षाच्या मीटरसारखं बिल पडत राहतं. २ पैसे ऐकताना काहीच वाटत नाही, पण १ जीबीचे २० रुपये ४८ पैसे होतात. रोजचा वापर ३ जीबी असेल तर दिवसाला साठ-एकसष्ट रुपये.

५० टक्के डेटा वापरल्याचा एसएमएस आला, तेव्हा मी लगेच कस्टमर केअरला फोन केला. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमानुसार ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर असा एसएमएस पाठवावाच लागतो. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, तो सिस्टिमचा मेसेज आहे, सगळ्यांना जातो. तुमचं नेट बंद होणार नाही." पैसे लागतील, हे त्या बाईंनी सांगितलं नाही. या उत्तराचा मला पहिल्या फोनपेक्षा जास्त राग आहे, कारण तिथे थांबवता आलं असतं.

बिल आलं १,६७२ रुपये ३० पैशांचं. भाडं ४९९, जादा ४० जीबीचे ८१९ रुपये २० पैसे, मी कधीच न मागितलेल्या गेम्सच्या सेवेचे ९९, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या भाड्यावर तो वेगळा लागतो. म्हणजे एक एमबीही जादा वापरला नसता तरी ४९९ चे ५८८ रुपये ८२ पैसे होणारच होते.

दुकानात गेले तर सांगितलं, आता ९० दिवस प्रीपेडवर परत जाता येणार नाही. तेही चुकीचं निघालं. दूरसंचार विभागाने जून २०२५ मध्ये पहिल्यांदा परत फिरणाऱ्यांसाठी ही मुदत ३० दिवसांवर आणली आहे. थकबाकी असेल तर नंबर पोर्टही होत नाही, म्हणून हरकत लेखी नोंदवून बिल भरलं आणि प्रीपेडवर आले. नंबर बँकेत दिलेला, आधारला जोडलेला, प्रत्येक पालकाकडे सेव्ह केलेला. तो सोडवत नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

तेव्हा असा फोन आला तर ओटीपी देण्याआधी एवढंच म्हणा: प्लॅनचा तपशील एसएमएसवर पाठवा. मग कंपनीच्या अ‍ॅपवर तोच प्लॅन उघडून महिन्याचा कोटा, कोटा संपल्यावरचा दर आणि जीएसटीसह रक्कम पाहा. न मागितलेली सेवा चालू झाली असेल तर १५५२२३ हा क्रमांक मोफत आहे, तिथून ती बंद करता येते. दोनदा संमती घेतल्याशिवाय अशी सेवा सुरूच करता येत नाही. डेटाच नको असेल तर १९२५ वर STOP असा एसएमएस पाठवून किंवा फोन करून तो बंद करून घेता येतो.

प्लॅन निवडताना फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याचा डेटा वापर बघा, तिथे अ‍ॅपवार आकडे मिळतात. सासूबाईंचा वापर पाहिला तर जवळपास शून्य, आणि त्यांच्या फोनवर रोज दीड जीबीचा रिचार्ज होत होता! डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या नियमामुळे प्रत्येक कंपनीला फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर ठेवावं लागतं, ३६५ दिवसांपर्यंत वैधतेचं. दुकानदार ते आपणहून दाखवत नाहीत, नाव घेऊन मागावं लागतं.

माझ्या तक्रारीवर गेम्सचे ९९ रुपये जीएसटीसह परत मिळाले. जादा डेटाचे पैसे नाकारले, "ग्राहकाची संमती होती" म्हणून. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तक्रारीचा डॉकेट नंबर घेऊन कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावं लागतं. तिथे ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्यापुढे ग्राहक आयोग आहे; मोबाइल कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मी अपील केलं आहे. ५० टक्क्यांचा तो एसएमएस आणि त्याच दिवशी कस्टमर केअरला केलेल्या फोनची नोंद जोडली आहे, आणि दोन्ही संभाषणांचं रेकॉर्डिंग लेखी मागितलं आहे. ते अजून मिळालेलं नाही.