स्पार्क टेस्टर, १८० रुपये: आठ महिने वापरून

दिवा उन्हात दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर बाकीचं वाचून कुणी मागवायचा, एप्रिलच्या दुपारी बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचा, आणि शिव्या मला बसायच्या.

वस्तू सगळ्यांना माहीत आहे. स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा) आणि त्याची वायर यांच्या मधे लावायची. पारदर्शक नळीत इवलासा निऑन, करंट गेला की नारिंगी लुकलुकतो. मार्चमध्ये ऑनलाइन मागवला, तोही रागाच्या भरात.

गाडी १९८२ची पद्मिनी, वडिलांची. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू व्हायची. उन्हात तासभर पळाली की गप्प. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. साताऱ्यातल्या एका गॅरेजला दाखवली (नाव घेत नाही, रोज त्यांच्यासमोरून जावं लागतं). बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागला, "काका, व्हेपर लॉक हाय. एसी पंपावर वलं फडकं टाका." (म्हणजे पेट्रोल तापून त्याची वाफ होते आणि पंपाला ते ओढता येत नाही; एसी पंप म्हणजे पेट्रोलचाच पंप.) टाकलं. मग पंप बदलला. मग कार्बोरेटर उघडला. एकूण ४,२०० रुपये गेले आणि गाडी वर्ये गाठायच्या आत बंद. फडक्यानं गुण यायचा हे खरं, पण पाणी शोधून फडकं भिजवून आणेपर्यंत वीस मिनिटं जायचीच की!

एप्रिलमध्ये पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर, दुपारी दोनला, तिनं मान टाकली. टेस्टर पहिल्या प्लगला लावला, सौ.ना चावी फिरवायला बसवलं. काही दिसेना. आता ठिणगी नाही म्हणून दिसेना, की ऊन आहे म्हणून? शेवटी डिकीतली छत्री उघडून तिच्याखाली मी आणि इंजिन असे दोघं बसलो. ट्रकवाले हॉर्न देऊन हसत गेले. दिवा खरंच बंद होता. म्हणजे पेट्रोल निर्दोष, आणि माझे ४,२०० पाण्यात.

पुढचं काम टेस्टरचं नव्हतं. कॉइलची (बॅटरीच्या करंटचा दाब ठिणगीएवढा वाढवणारी) मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटर कॅपमधून, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या झाकणातून, उपसली (तिथं हा टेस्टर बसतच नाही, ही दुसरी तक्रार), पकडीनं ब्लॉकपासून पाचेक मिलिमीटरवर धरली, सेल्फ मारला. ठिणगी नाही. म्हणजे कॅप आणि तिच्याखाली फिरणारा रोटर निर्दोष सुटले. मग इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून एक कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे), दुसरी बॉडीला लावली. सेल्फवर बल्ब उघडझाप करत होता, म्हणजे कॉइलपर्यंत करंट येतोय आणि पॉइंट उघडताहेत. उरले दोघेच, पॉइंटला जोडलेला कंडेन्सर आणि कॉइल. कंडेन्सर स्वस्त, म्हणून आधी तो बदलला. हा माझा कंजूषपणा. दहा दिवसांनी लिंब फाट्यावर पुन्हा धक्का मारला.

या वेळी मल्टिमीटर बरोबर होता. बंद पडल्या पडल्या कॉइलचं हाय टेन्शन वाइंडिंग (ठिणगीच्या बाजूचं वेटोळं) मोजलं तर मीटर काही दाखवेचना; निवल्यावर साडेआठ किलोओहम. आतली केसासारखी तार तापली की तुटत होती, थंड झाली की टेकत होती.

नव्या कॉइलचं वेगळंच रामायण. दुकानात "पद्मिनीचीच" म्हणून दिली, घरी मोजली तर प्रायमरी (बॅटरीच्या बाजूचं वेटोळं) दीड ओहम. ती बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला जाणारा करंट आवरणारा) असलेल्या गाडीची. माझ्या गाडीला बॅलास्ट नाही, तिला तीन ओहमची लागते. तीन ओहममधून चार अँपिअर जातात, हिच्यातून आठ गेले असते आणि पॉइंट जळून गेले असते. दुकानदार म्हणतो, "१२ व्होल्टच लिहिलंय की त्याच्यावर!" तीन चकरा मारल्या तेव्हा बदलून मिळाली. त्यानंतर आजतागायत उन्हात एकदाही बंद पडलेली नाही. त्या आनंदात मी चार जणांना हा टेस्टर घ्यायला लावला.

ते मागे घेतो. निदान अर्धं.

जुलैत यवतेश्वरच्या चढाला गाडी लंगडायला लागली, सरळसरळ मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नव्हता. टेस्टर चारही प्लगना लावून पाहिला, चारही ठिकाणी झकास लुकलुक. (ढग होते, म्हणून दिसली.) इग्निशनला क्लीन चिट दिली आणि दोन रविवार कार्बोरेटरचे जेट साफ करण्यात घालवले. मग वडिलांची पद्धत आठवली. गाडी स्लोवर ठेवायची आणि रबरी मुठीच्या पकडीनं एकेक प्लग वायर काढून बघायची. एक, दोन, चार काढली की इंजिन थरथरायचं. तीनची काढली तर त्याला पत्ताच नाही. तिसरा प्लग दुसऱ्या सिलिंडरात टाकला, मिसिंगही तिकडेच गेलं. प्लगची चिनीमाती काजळीनं काळी झाली होती. करंट काजळीवरून परस्पर बॉडीत जात होता, ठिणगी पडतच नव्हती, आणि करंट जातोय म्हणून आमचा दिवा खुशाल लुकलुकत होता. म्हणजे दिवा विझला तर यावर डोळे झाकून विश्वास ठेवा, लागला तर ठेवू नका. आणि वायर काढायचा प्रकार पॉइंटवाल्या गाडीतच करा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर मोड्यूल जाऊ शकतं.

तरी माझा खरा राग उन्हाच्या दिव्यावरच. विकणाऱ्याला लिहिलं, तर उत्तर आलं, "कृपया सावलीत वापरा." गाडीनं बंद कुठं पडायचं हे हे लोक ठरवणार! नळीवर काळी टोपी बसवायला त्यांना दोन रुपये पडले असते. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलाय, बघायला एक भोक ठेवून. आता भर दुपारी दिसतो. पाचपैकी तीन, ट्यूब धरून साडेतीन.

परवा शेजारचे अण्णा त्यांच्या जुन्या बुलेटसाठी टेस्टर मागून घेऊन गेले. ट्यूब मी काढून ठेवली.