नर्सरी, बालवाडी, मॉन्टेसरी, अंगणवाडी की पाळणाघर: तीन वर्षांच्या मुलासाठी निवडताना

घरात अडीच-तीन वर्षांचं मूल असलं की दिवाळीनंतर प्रवेशाची घाई सुरू होते. शेजारी कुठे घातलं, फी किती, माध्यम कोणतं, बस आहे का, असे प्रश्न विचारले जातात. मूल तिथे सकाळचे तीन तास नेमकं काय करणार, हे मात्र फार कमी पालक विचारतात. खरा निर्णय त्यावरच व्हायला हवा. दोन गोष्टी पाहिल्या तर बरंचसं कळतं: मुलाला स्वतःच्या मर्जीने सलग किती वेळ खेळता येतं, आणि एका मोठ्या माणसाकडे किती मुलं आहेत. पाटीवर काय लिहिलंय, याला त्यानंतरच महत्त्व द्यावं.

आधी वयाचं. महाराष्ट्रात नर्सरीसाठी 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षं आणि पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. नवीन शैक्षणिक धोरणाने (2020) तीन ते आठ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला प्ले-ग्रुपमध्ये घातलं नाही तर ते मागे पडेल, या भीतीला आधार नाही. घरात आजी-आजोबा किंवा सांभाळणारी भरवशाची बाई असेल, बोलायला आणि फिरवायला माणूस असेल, तर तीन वर्षांपर्यंत घर ही उत्तम जागा आहे. त्यानंतर मात्र मुलाला समवयस्क सोबती लागतात आणि ते घरी मिळत नाहीत.

वहीवर चालणारी नर्सरी

शहरात ही सर्वांत सहज सापडते. पटसंख्या जास्त, बाकं, वह्या, वर्कशीट, घरचा अभ्यास. पालकांना आवडते, कारण रोज काहीतरी लिहिलेलं घरी येतं. तीन वर्षांच्या हाताला मात्र हे काम झेपत नाही. मनगटातली आठ छोटी हाडं जन्माच्या वेळी कूर्चेची असतात. ती एकामागून एक टणक होत जातात, शेवटचं तर साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. बोटांची चिमूट पक्की नसताना अक्षरं गिरवायला लावली की मूल पेन्सिल मुठीत धरतं, जोर देऊन कागद फाडतं, अक्षराची सुरुवात चुकीच्या टोकाने करतं. ती सवय लागली की पहिलीच्या बाईंना आधी ती मोडावी लागते. चार वर्षांचं मूल ए टू झेड घडाघडा म्हणतं, पण ‘कमळ’ शब्दाच्या सुरुवातीला कोणता आवाज आहे हे त्याला सांगता येत नाही. वाचायला शिकताना उपयोगी पडतो तो आवाजांचा कान, आणि तो बडबडगीतं, यमकं, कोडी यांतून तयार होतो.

भाषेचाही प्रश्न आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला वर्गात फक्त इंग्रजी ऐकू आलं तर ते काही महिने गप्प बसू शकतं. इंग्रजी माध्यमच घ्यायचं ठरलं असेल, तर एक गोष्ट विचाराच: मूल मराठीत बोललं तर बाई मराठीत उत्तर देतात का? ‘शू लागली’ हे ज्या भाषेत सांगता येत नाही, त्या भाषेत मूल बाकीचंही काही सांगत नाही.

या पर्यायाच्या बाजूने एक मुद्दा आहे. पुढच्या शाळेत थेट प्रवेश मिळत असेल आणि पहिलीला जागा मिळणं अवघड असेल, तर काही घरांना तो सोडवत नाही. अशा वेळी निदान घरचा अभ्यास घरी करून घेऊ नका. दुपारी माती, पाणी आणि मैदान द्या.

खेळावर चालणारी बालवाडी

खोलीत चार-पाच कोपरे असतात: भातुकली, ठोकळे, पुस्तकं, चित्रं, वाळू-पाणी. मूल कोपरा निवडतं, कंटाळलं की बदलतं. चांगल्या बालवाडीत हा मुक्त खेळ रोज सलग 45 ते 60 मिनिटं चालतो. इतका वेळ का? पहिली दहा-पंधरा मिनिटं मुलं नुसती फिरतात, वस्तू हाताळतात, ‘मी आई होणार’ यावरून भांडतात. त्यानंतर खेळात गोष्ट सुरू होते, भूमिका ठरतात, ठोकळ्यांचा पूल पडला तर पुन्हा बांधला जातो. विसाव्या मिनिटाला घंटा झाली तर मुलांच्या वाट्याला फक्त भांडण येतं.

ताई काय करते, यावर सारं अवलंबून आहे. पाण्याचा खेळ घ्या. एका पसरट टबात पाच-सहा सेंटिमीटर पाणी, तांब्या, दोन मापांच्या वाट्या, नरसाळं, एक गाळणी. एका टबाभोवती चारच मुलं. ताई शेजारी बसून विचारते, “या तांब्यात किती वाट्या मावतील?” मूल अंदाज करतं, ओततं, मोजतं, चुकतं, पुन्हा ओततं. आकारमान, मोजणी आणि भाषा यांचा पाठ एकाच वेळी होतो. एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून मोठ्या माणसाने तिथून हलायचं नाही आणि खेळ संपताच टब पालथा करायचा. तुम्ही भेट द्याल तेव्हा हे होतं का ते पाहा. खेळण्याचं आणि लक्ष ठेवण्याचं भान तिथेच कळतं.

मळलेल्या गोळ्यांचं तसंच. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल आणि पाऊण वाटीच्या आसपास पाणी. पाणी थोडं थोडं घालत मळायचं. मीठ जास्त असल्याने गोळा टिकतो, पण मीठ ओलही ओढतं. त्यामुळे पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, तो दोन दिवसांत चिकट होतो आणि बदलावा लागतो. हे लाटणं, चिमटणं, सुरीने कापणं, पुढे मणी ओवणं आणि कात्री चालवणं म्हणजेच लिखाणाची तयारी. तीन वर्षांखालची मुलं असतील तिथे मणी, चिंचोके, सागरगोटे नकोत. साधारण 3.2 सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू घशात अडकण्याचा धोका असतो, आणि चिंचोका नाकात गेला तर फुगून बसतो.

या साहित्याला फार खर्च येत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या बोर्डीत आणि 1957 नंतर कोसबाडला काम केलं ते शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांच्यावर. तेव्हा महागड्या खेळण्यांचं कपाट दाखवून जास्त फी मागणाऱ्या संस्थेला विचारा, की त्या कपाटाला मुलांचा हात पोहोचतो का.

बिघडतं कुठे? ‘खेळातून शिक्षण’ हे शब्द आता सगळेच छापतात. काही ठिकाणी खेळ म्हणजे प्लॅस्टिकची घसरगुंडी आणि टीव्हीवरची गाणी. काही ठिकाणी मुलं मोकळी सोडलेली आणि ताई फोनवर. मोकळं सोडणं आणि खेळातून शिकवणं यांत ताईचं निरीक्षण एवढाच फरक आहे, आणि तोच सगळ्यात अवघड आहे. ताईला एखाद्या मुलाबद्दल विचारा, “याला सध्या काय आवडतं?” चांगली ताई न अडखळता सांगते: बादली भरून नेतो, ओततो, परत भरतो.

मॉन्टेसरी

मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये पहिलं बालघर उघडलं आणि 1939 पासून काही वर्षं त्या भारतात शिक्षकांना प्रशिक्षण देत होत्या. पद्धतीत साधनं ठरलेली असतात. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत प्रत्येकी एका सेंटिमीटरने वाढतात, म्हणून चुकीचा ठोकळा लावला तर मुलाला स्वतःलाच दिसतो, बाईंनी सांगावं लागत नाही. खऱ्या मॉन्टेसरीत तीन खुणा असतातच: तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात, सकाळी सुमारे तीन तास सलग काम, आणि प्रत्येक साधनाचा एकच संच. एकच असल्याने थांबायला शिकावं लागतं.

अडचण अशी की ‘मॉन्टेसरी’ हे नाव कुणालाही लावता येतं. तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांचे वेगळे वर्ग असतील आणि दुपारी वर्कशीट असेल, तर ती मॉन्टेसरीच्या पाटीखालची नर्सरी आहे. शिक्षिकेने मॉन्टेसरीचा कोणता पदविका अभ्यासक्रम, कुठे, किती काळाचा केला हे विचारा. काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स पुरेसा नाही.

खेळाच्या बालवाडीशी तुलना केली तर फरक असा. मॉन्टेसरीत हाताचं कौशल्य, क्रम, एकाग्रता आणि आपलं काम आपण करणं फार छान रुजतं. ओतणं, घडी घालणं, बटणं लावणं, झाडणं ही कामं खरी असतात. कल्पनेतल्या खेळाला, म्हणजे दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर याला, जागा कमी असते. तुमचं मूल एकट्याने मन लावून करणारं, आवाज-गोंधळाने थकणारं असेल तर मॉन्टेसरी मानवेल. बोलघेवडं, सतत सोंगं घेणारं असेल, किंवा उलट फारच लाजरं असून बोलतं करायची गरज असेल, तर बालवाडी उजवी.

अंगणवाडी

मध्यमवर्गीय घरात हिचा विचारच होत नाही, आणि तो व्हायला हवा. ती घराजवळ असते, मोफत असते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोजचा पूरक आहार, वजन-उंचीची नोंद आणि लसीकरणाचा पाठपुरावा हे सगळं एका ठिकाणी होतं. खासगी नर्सरीत मुलाचं वजन सहसा इतक्या नियमाने पाहिलं जात नाही. 2 ऑक्टोबर 1975 ला अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यामागची कल्पना मात्र आपल्याच पालघरच्या किनाऱ्यावरची, ताराबाईंच्या बोर्डीची आहे: मुलं बालवाडीत येत नव्हती, म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली.

कमकुवत बाजू उघड आहे. एक सेविका आणि एक मदतनीस यांच्यावर गरोदर माता, स्तनदा माता, घरी न्यायचा आहार, सर्वेक्षणं आणि पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी हे सगळं असतं. ॲप अडकलं की सकाळ त्यात जाते आणि मुलांचा वेळ कमी होतो. खोली बहुधा एकच, त्यात स्वयंपाकाचं सामानही. 2023 पासून केंद्र सरकारच्या ‘पोषण भी, पढाई भी’ या कार्यक्रमाखाली सेविकांना खेळातून शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं जातंय. तरी प्रत्यक्षात केंद्राचा दर्जा सेविकेवरच ठरतो.

म्हणून आहारवाटपाचा दिवस टाळून साध्या दिवशी सकाळी साडेदहाला जा. खेळण्यांची पेटी उघडी आहे की कुलपात? मुलं भिंतीला टेकून बसलीत की गाणं म्हणताहेत? सेविका चांगली असेल तर तीन-साडेतीनच्या मुलासाठी पहिलं वर्ष तिथे घालवायला काहीही हरकत नाही. दुपारी लवकर सुटतं, त्यामुळे पुढे घरी कुणी हवं.

पाळणाघर

आई-वडील दोघंही सकाळी नऊला बाहेर पडून साडेसहाला परतत असतील तर प्रश्नच वेगळा होतो. नऊ-दहा तास राहणाऱ्या मुलाला शिक्षणाआधी झोप, जेवण, स्वच्छता आणि रोज तेच ओळखीचे हात हवेत. इथे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: गेल्या वर्षभरात किती ताया बदलल्या? दर दोन महिन्यांनी माणूस बदलत असेल तर बाकी सगळं चकचकीत असूनही मूल अस्वस्थ राहतं.

2013 च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक आणि त्यावरच्या 20 मुलांमागे एक मोठा माणूस, तसंच 30 मुलांसाठी 35 चौरस मीटर खोली असं प्रमाण दिलं आहे. तान्ह्या बाळांसाठी दहा फारच जास्त. एका बाईकडे तीन-चारच असावीत. दुपारी टीव्ही लावून ठेवतात का, हेही विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात 180 मिनिटं हालचाल हवी. ताप आला तर किती तापमानाला घरी फोन करतात, औषध लेखी सूचनेशिवाय देतात का, नेणाऱ्या माणसाची ओळख कशी पटवतात, दाराची कडी मुलांच्या हाताबाहेर आहे का, हे सगळं पहिल्याच भेटीत बोलून घ्या. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. आपल्या कार्यालयात विचारून पाहा.

बरेच पालक सकाळी नर्सरी, मग व्हॅनने पाळणाघर अशी जोडणी करतात. तीन वर्षांच्या मुलाला दिवसात दोन जागा, दोन दिनक्रम आणि मधला प्रवास झेपवणं कठीण जातं. पाळणाघरात सकाळी दोन तास चांगला खेळ आणि गोष्टी होत असतील तर वेगळी नर्सरी नको.

भेटीच्या वेळी आणि पहिल्या महिन्यात

दहा ते अकराच्या दरम्यान, शाळा चालू असताना एक तास बसू द्या असं म्हणा. नकार देणारी जागा यादीतून काढून टाका. भिंतीवरची चित्रं पाहा. तीसही फुलपाखरं एकसारखी असतील तर ती बाईंनी कापलेली असतात, मुलांनी फक्त डिंक लावलेला. शौचालय स्वतः उघडून पाहा आणि रडणाऱ्या मुलाशी काय होतं ते नीट ऐका. उचलून घेतात, नाव घेऊन बोलतात, की “रडलास तर आई येणार नाही” म्हणतात? हे शेवटचं वाक्य ऐकू आलं तर फी कितीही कमी असली तरी तिथे मूल ठेवू नका.

प्रवेशानंतर पहिले तीन-चार दिवस आई किंवा बाबांनी सोबत बसावं, पुढे एक तास, मग दोन, असं वाढवत न्यावं. मुलाची नजर चुकवून पळू नये. सांगून, हात हलवून निघावं. मूल रडेल, पण तुम्ही सांगून जाता आणि परत येता हे त्याला कळेल. पहिले दोन-तीन आठवडे रडणं, रात्री दचकणं, लागलेली शी-शूची सवय पुन्हा बिघडणं हे होतं. महिना झाल्यावरही मूल तिथल्या कुणाचंही नाव घरी घेत नसेल, डबा रोज तसाच परत येत असेल किंवा दाराशी पोचताच अंग ताठ करत असेल, तर ताईशी बोला. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर वर्ष संपायची वाट न पाहता जागा बदला. भरलेली फी बुडते म्हणून पालक थांबतात. म्हणून प्रवेश घेतानाच पहिल्या तिमाहीपुरतीच फी भरण्याची सोय आहे का ते विचारून, लेखी घ्यावं.