खिचडी, पिठले, वरणफळे की थालीपीठ? कामाच्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणाचा तुलनात्मक आढावा

संध्याकाळी सात-साडेसातला घरी पोहोचणाऱ्या माणसाला रात्रीच्या जेवणाचा प्रश्न पडतो, तेव्हा त्याला बहुधा नवी पाककृती नको असते. येत असलेल्या चार-पाच पदार्थांतून आज कोणता करावा, एवढेच ठरवायचे असते. मराठी घरांत या वेळेसाठी हाताशी असलेले चार पदार्थ येथे शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत : मुगाच्या डाळीची खिचडी, पिठले-भाकरी, वरणफळे (यांनाच काही भागांत चकोल्या म्हणतात) आणि भाजणीचे थालीपीठ. कुटुंब चार माणसांचे, शेगडी दोन बर्नरची, कुकर एक आणि ओट्याशी काम करणारे माणूसही एकच, असे धरून पुढचे हिशेब मांडले आहेत. मसालेभातही यात हवा होता असे काहींना वाटेल. परंतु पावशेर तोंडली धुऊन उभी चिरण्याचा वेळ मोजला की तो सुट्टीच्या दिवसाचाच पदार्थ ठरतो. चिरलेली तोंडली ज्यांना विकत मिळतात, त्यांनी हा आक्षेप खुशाल बाजूला ठेवावा.

या चारही पदार्थांविषयी बोलताना लोक एकूण वेळ सांगतात आणि तेथेच निवड फसते. खिचडीला अर्धा तास लागतो आणि पिठल्याला पंधरा मिनिटे, हे खरेच आहे. पण खिचडीच्या अर्ध्या तासात ओट्याशी उभे राहावे लागते ते जेमतेम दहा मिनिटे. तांदूळ-डाळ धुणे, फोडणीत कांदा आणि हळद-तिखट परतणे, पाणी घालून झाकण लावणे एवढे झाले की पुढचे काम कुकर करतो. शिट्टीच्या कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते आणि म्हणून मध्यम आचेवर तीन शिट्ट्यांत डाळ-तांदूळ एकजीव होतात. नंतर वाफ आपोआप जिरेपर्यंत दहा मिनिटे कुणीही स्वयंपाकघरात नसले तरी चालते. तेवढ्यात अंघोळ होते, मुलाचा गृहपाठ पाहून होतो.

पिठल्याचे गणित नेमके उलटे आहे. पिठले स्वतः झटपट होते, पण त्याच्या सोबतीची भाकरी होत नाही. ज्वारीच्या पिठात कणकेला चिवटपणा देणारे ग्लूटेन नसते, म्हणून कणकेसारखा मोठा गोळा एकदम मळून ठेवता येत नाही. कोमट ते गरम पाणी घेऊन एका भाकरीपुरते पीठ तळहाताच्या टाचेने मळायचे, थापायचे, तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाणी फिरवायचे, उलटायचे आणि शेवटी आचेवर फुगवायची, असा प्रत्येक भाकरीचा वेगळा संसार असतो. सराईत हातालाही आठ भाकऱ्यांना पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात आणि ती सगळी उभ्याची मिनिटे असतात. पीठ ताजे नसेल तर त्रास आणखी वाढतो, कारण जुन्या पिठाची विरी (चिकटून राहण्याचा गुण) गेलेली असते आणि भाकरी थापतानाच कडेने चिरत जाते. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नेहमीचा आहे, कारण तेथील दुकानांत मिळणारे पीठ दळून बराच काळ झालेला असतो; अशा वेळी पाणी उकळून त्यात पीठ घालावे, उकड काढावी आणि मगच मळावे. बाजरीच्या पिठाचे दुखणे वेगळे : त्यात स्निग्धांश जास्त असल्याने ते लवकर कडवट होते, म्हणून ते थोडेथोडेच दळून आणणे बरे.

वरणफळांना एकूण पाऊण तास आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ उभ्याचा, असा हिशेब बसतो. तुरीची डाळ कुकरला लावली की ती शिजेपर्यंत कणीक मळून होते. डाळ घोटून, गोडा मसाला, चिंच आणि गूळ घालून आमटी उकळायला ठेवली की पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे काप करता येतात. थालीपीठाचे पीठ भिजवणे हे सात-आठ मिनिटांचे काम आहे, पण एका थालीपीठाला तव्यावर झाकण ठेवून सहा-सात मिनिटे लागतात. आठ थालीपीठे एकाच तव्यावर करायची म्हटली तर पाऊण तासाच्या पुढे जाते आणि दोन तवे मांडले तर तेच काम अर्ध्या तासात आवरते. ज्या घरात दुसरा तवा नाही, तेथे चौघांसाठी थालीपीठाचा बेत कामाच्या दिवशी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न असा की घरातली माणसे एकदम जेवायला बसतात की येतील तशी. शहरांतल्या बहुतेक कुटुंबांत शिकवणीहून येणारे मूल साडेआठला, लोकलने येणारे कुणी साडेनऊला आणि औषधाच्या वेळेमुळे आजी-आजोबा आठलाच जेवतात. या कसोटीवर चारही पदार्थांची क्रमवारी एकदम बदलते.

थालीपीठ येथे सर्वांत पुढे जाते. भिजवलेले पीठ तास-दीड तास झाकून ठेवले तरी बिघडत नाही; फक्त त्यात कांदा असेल तर त्याला पाणी सुटते, म्हणून पीठ थोडे घट्टच भिजवावे. जो येईल त्याला गरम थालीपीठ आणि त्यावर लोण्याचा गोळा मिळतो. उलट सगळे एकदम बसले, तर करणारे माणूस शेवटपर्यंत तव्यापाशी उभे राहते आणि त्याच्या पानावर पहिले थालीपीठ पडते तेव्हा बाकीच्यांचे हात धुऊन झालेले असतात. पंगत एकत्र बसणाऱ्या घरात थालीपीठाची निवड करताना हे लक्षात घ्यावे, आणि निदान तव्याशी पाळी लावावी.

खिचडी थांबते, पण थांबताना आळते. पातळसर ठेवलेली खिचडी तासाभराने घट्ट होते, तेव्हा वाढण्यापूर्वी तिच्यात अर्धी वाटी उकळते पाणी घालून मंद आचेवर ढवळली की ती पुन्हा सैल होते. पिठलेही तसेच आळते. म्हणून ते गॅसवरून उतरवताना जेवढे पातळ हवे त्याहून जरा पातळच असू द्यावे. वरणफळे मात्र अजिबात थांबत नाहीत. कणकेचे तुकडे आमटी पीत राहतात आणि तासाभरात पातेल्यात रस उरत नाही, नुसता लगदा होतो. साडेनऊला येणाऱ्यासाठी वरणफळे राखून ठेवणे म्हणजे त्याला वेगळाच पदार्थ वाढणे होय. त्यापेक्षा आमटी आणि काप वेगळे ठेवून तो आल्यावर त्याच्यापुरते शिजवावेत.

आता चवीकडे वळू, कारण झटपट होणारे जेवण बेचव असले तर घरातले लोक तिसऱ्या दिवशी बाहेरून मागवू लागतात. चौघांत सर्वांत कमी मिनिटांत सर्वांत जास्त चव देणारा पदार्थ पिठले आहे. एक वाटी बेसन आणि साधारण साडेतीन वाट्या पाणी हे चौघांना पुरते. बेसन आधी अर्ध्या वाटी पाण्यात गुठळी मोडून कालवावे आणि मग उरलेले पाणी घालावे. कोरडे पीठ सगळ्या पाण्यात एकदम टाकले की गुठळ्या होतात आणि त्या नंतर कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत. तेल जरा सढळ हाताने घ्यावे. मोहरी तडतडली, जिरे-हिंग पडले की ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची घालावी आणि लसणाची कड तांबूस होईपर्यंत थांबावे, कांदा त्यानंतर. पीठ ओतल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे डाव थांबवू नये, कारण पिठले तळाशी याच वेळात धरते. मग झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे वाफ द्यावी. पिठल्याला फट्‌फट् बुडबुडे येऊन ते कढईच्या बाहेर उडू लागले आणि कच्च्या पिठाचा वास गेला की ते झाले. ही शेवटची वाफ चुकवून घाईने उतरवलेले पिठले जिभेला पिठूळ लागते, आणि पिठले आवडत नाही असे म्हणणाऱ्या कित्येकांनी असेच पिठले खाल्लेले असते.

भाकरीचा वेळ वाचवायचा असेल तर कोकणातला मार्ग उत्तम आहे : कुळथाची पिठी आणि भात. कुळथाचे पीठ बेसनासारखेच कालवून लसणाच्या फोडणीत घालायचे आणि दोन आमसुले टाकायची. एका बर्नरवर भात आणि दुसऱ्यावर पिठी असे दोन्ही एकाच वेळी तयार होते. भाकरीच हवी असेल, तर कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून ती आणण्यात काहीही कमीपणा नाही. पिठले घरचे आणि भाकरी विकतची, ही वाटणी माझ्या मते कामाच्या दिवसाला सर्वांत शहाणपणाची आहे.

खिचडीची चव वरून पडणाऱ्या गोष्टींवर असते. आतली फोडणी कुकरच्या वाफेत मऊ पडते, म्हणून पळीभर तेलात लसणाचे काप आणि सुकी लाल मिरची तळून ती फोडणी वाढताना पानात खिचडीवर ओतावी. खानदेशात तुरीच्या डाळीची खिचडी अशाच लसूण-मिरचीच्या तेलासोबत आणि भाजलेल्या पापडासोबत खातात, ती एकदा तरी करून पाहावी. तांदूळही महत्त्वाचा. मऊ, एकजीव खिचडीला आंबेमोहोर किंवा इंद्रायणी शोभतो, मोकळीला कोलम. बासमती येथे वाया जातो. लहान मूल आणि दातांची तक्रार असलेले वृद्ध अशा दोघांनाही चालणारा यांतला एकमेव पदार्थ खिचडी आहे, कारण आतले तिखट कमी ठेवून वरच्या फोडणीतून ज्याला हवे त्याला देता येते. थालीपीठात आणि वरणफळांत ही सोय नाही. तिखट आत मिसळले की ते सर्वांना सारखेच.

वरणफळांची चव आमटीवर आणि उकळीवर अवलंबून आहे. आमटी नेहमीपेक्षा बरीच पातळ हवी आणि ती खळखळून उकळत असतानाच काप एकेक करून, एकमेकांवर पडणार नाहीत असे सोडावेत. उकळी बसली की काप तळाशी जाऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून मूठभर काप टाकल्यावर पुन्हा उकळी येईपर्यंत पुढचे टाकू नयेत. पोळी जाड लाटली तर काप मध्ये कच्चे राहतात, फार पातळ लाटली तर विरघळतात. नेहमीच्या पोळीहून किंचित जाड हे माप बरोबर. आठ-दहा मिनिटांत ते वर येतात, वाढताना तुपाची धार आणि चमचाभर ओले खोबरे. वेगळी पोळी नाही, भात नाही, भाजी नाही, भांडी दोनच. एका ताटलीत जेवण पुरे होते. पावसाळ्यातल्या रात्री, सगळे घरी असताना, यांच्या तोडीचे या यादीत दुसरे काही नाही.

थालीपीठाची सगळी भिस्त भाजणीवर आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ आणि धणे-जिरे हे एकत्र भाजता येत नाही, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. एकेक जिन्नस खमंग भाजून, गार करून, मग दळून आणावा लागतो. म्हणजे थालीपीठाचा खरा वेळ आठवड्याच्या आधीच खर्च झालेला असतो. घरी करणे जमत नसेल तर बचतगटांची आणि गृहोद्योगांची भाजणी मिळते. पाकीट उघडल्यावर भाजल्याचा खरपूस वास आला नाही, तर ती भाजणी नसून मिश्र पीठ आहे असे समजावे.

पोषणाच्या दृष्टीने चौघांत फार डावे-उजवे करण्यासारखे नाही, कारण चारहींत धान्य आणि डाळ एकत्र येते आणि धान्यात कमी असलेला लायसिन हा प्रथिनांतला घटक डाळीतून भरून निघतो. भाजी मात्र चौघांतही कमी पडते. थालीपीठात किसलेला दुधी किंवा चिरलेली मेथी सहज खपते, खिचडीत मटार-गाजर चालते, पिठल्यासोबत कच्चा कांदा आणि मुळा आहेच.

उरलेल्या अन्नाचा विचार खिचडीच्या बाबतीत जरा काळजीपूर्वक करावा. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळूनही टिकतात, अन्न ओट्यावर तासन्‌तास राहिले की त्यांची वाढ होते आणि त्यांतले एक विष नंतर गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून उरलेली खिचडी दोन तासांच्या आत उथळ भांड्यात पसरून फ्रिजमध्ये जावी, रात्रभर कुकरमध्ये राहू नये. सकाळी तिच्यात थोडे ज्वारीचे पीठ, कांदा आणि तीळ घालून थालीपीठे लावली तर डब्याची सोय होते. उरलेले पिठले दुसऱ्या दिवशी तव्यावर तेल सोडून कोरडे परतावे.

मांसाहारी घरांनी या चौघांच्या शेजारी सुकट ठेवावी. ताजे मासे कामावरून येताना आणून साफ करणे रात्री परवडत नाही, आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असल्याने ते महागही होतात. सुका जवळा मात्र निवडून, कोरडा भाजून, धुऊन, कांदा-टोमॅटो-आमसुलात परतला की वीस मिनिटांत भाकरीला किंवा भाताला तयार असतो.

तेव्हा येण्याच्या वेळा वेगवेगळ्या असतील आणि घरात दोन तवे व चांगली भाजणी असेल, तर थालीपीठ. थकवा इतका असेल की दहा मिनिटांपेक्षा जास्त उभे राहवत नाही, किंवा घरात लहान मूल आणि वृद्ध दोन्ही असतील, तर खिचडी. भाकरी बाहेरून येणार असेल किंवा भातावर भागणार असेल, तर पिठले किंवा पिठी. वरणफळे शुक्रवारसाठी ठेवावीत, आणि काप सोडायला मुलांना बोलवायचे असेल तर पातेले पक्क्या स्टुलावरून हात नीट पोहोचेल अशा बर्नरवर ठेवावे. आमटीचा उडालेला थेंब चांगलाच भाजतो, म्हणून अगदी लहानांना फक्त काप कापायला द्यावेत.