पीएस टू मध्ये चिप की मेमरी कार्ड: आठ महिने दोन्ही वापरल्यावर

मे महिन्यात माळा आवरताना आमचा जुना पीएस टू, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन टू हे गेमचं मशीन, सापडला, आणि तेव्हापासून आठ महिने झाले, घरात आता दोन पीएस टू चालू आहेत. एकात चिप आहे, म्हणजे कॉपी केलेल्या डिस्कही चालाव्यात म्हणून आत बोर्डावर बसवलेला भाग, दुसऱ्यात चिप नाही, तिथे मेमरी कार्डवर टाकलेल्या सॉफ्टवेअरने सगळं चालतं. मला इतके लोक विचारतात की यातलं काय घ्यावं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

पहिला आमचाच. स्लिम, ७७००० सिरीजचा, बाबांनी २००७ साली घेतलेला, तेव्हा आम्ही रामबागला राहायचो. पुढच्याच वर्षी जेल रोडवरच्या एका कारागिराकडून त्यात चिप बसवून घेतली, कारण त्या काळी इंदूरात ज्याच्याकडे पीएस टू त्याच्याकडे चिप, असंच होतं, दुकानदार मशीन विकतानाच विचारायचा. फुटपाथवरच्या कॉपी डिस्क तेव्हा आमच्याकडेही होत्या हे खरं आहे, त्या सगळ्या मी यावेळी फेकून दिल्या. उरल्या त्या ओरिजिनल एकतीस डिस्क, बाबांनी वाढदिवसाला, रिझल्टला एकेक करून आणलेल्या, आणि त्यातल्या निम्म्यांवर ओरखडे. मला त्या वाचवायच्या होत्या आणि भाच्याला खेळायला द्यायच्या होत्या पण त्याच्या हातात ओरिजिनल डिस्क न देता, एवढीच माझी गरज. ज्याची गरज वेगळी त्याचा निष्कर्ष वेगळा निघू शकतो.

मशीन लावलं तर दिवा लागला, मेनू आला, पण डिस्क काही उचलेना. मला वाटलं चिप गेली. जेल रोडला घेऊन गेलो, पूर्वीचा माणूस आता तिथे नाही, दुसऱ्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, "भिया, चिप तो एकदम सही है, लेंस गया इसका." हे वाक्य या सगळ्या लिखाणाचं मूळ आहे, कारण तेव्हाच मला नीट कळलं की चिप नक्की करते काय आणि काय करत नाही.

पीएस टू मध्ये मेकाकॉन नावाचा एक कंट्रोलर असतो, तो डिस्क खरी आहे का आणि आपल्या रीजनची, म्हणजे जगातल्या ज्या भागासाठी मशीन बनलं त्या भागाची, आहे का ते तपासतो. त्याआधीच्या मशीनच्या, पीएस वनच्या काळात ही खूण डिस्कच्या आतल्या भागात, ट्रॅकच्या सूक्ष्म नागमोडी वळणात लपवलेली असायची, युरोपसाठी एससीईई, अमेरिकेसाठी एससीईए, जपानसाठी एससीईआय, आणि ही वळणं साध्या बर्नरने लिहिताच येत नाहीत, त्यामुळे कॉपी लगेच पकडली जायची. तेव्हाची चिप म्हणजे एक छोटा मायक्रोकंट्रोलर, जो ती अक्षरं स्वतःच मशीनला ऐकवत बसायचा. पीएस टू ची चिप बरीच जास्त कामं करते, बोर्डावर वीसेक बारीक तारा टाकाव्या लागतात, पण मूळ काम तेच, तपासणीच्या मध्ये उभं राहून "हो, खरी आहे" म्हणणं. त्यापुढे डिस्क वाचायचं काम लेन्सचंच. आणि बर्न केलेली डीव्हीडी छापील डिस्कपेक्षा कमी प्रकाश परत पाठवते, म्हणजे म्हाताऱ्या लेन्सला ती जास्तच जड जाते. म्हणजे लेन्स थकलेली असेल तर चिप असून उपयोग शून्य, उलट चिपमुळे आपण तिला रोज जास्त अवघड डिस्क वाचायला लावतो!

तरी मी लेन्स बदलून घेतली आणि पहिले दोन महिने प्रामाणिकपणे चिपवरच काढले. स्वतःच्या ओरिजिनल डिस्कच्या कॉम्प्युटरवर इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, काढल्या, चांगल्या कंपनीच्या डीव्हीडी-आर आणल्या, चारच्या स्पीडला बर्न केल्या. घाईत आठच्या किंवा सोळाच्या स्पीडला लिहिलेल्या माझ्या मशीनवर अडखळल्या, मध्येच व्हिडिओ थांबायचा. चालली तेव्हा मात्र चिपइतकं सोपं काहीच नाही, डिस्क टाका, बटण दाबा, खेळा. आईसुद्धा भाच्याला लावून देते. मेमरी कार्डची खाच व्यापली जात नाही, सेटिंग नाही, मेनू नाही. पण डबल लेयर गेम आला की वैताग, गॉड ऑफ वॉर टू सारख्या गेमला साधी डीव्हीडी पुरत नाही, डबल लेयर कोरी डिस्क लागते, ती महाग, आणि लेयर कुठे बदलते ती जागा बर्न करताना बरोबर द्यावी लागते. माझ्या दोन वाया गेल्या, तिसरी चालली.

मग दुसरं मशीन. भावाच्या ओळखीतून सेकंडहँड ९०००० सिरीजचं मिळालं, स्वच्छ, कधीच न उघडलेलं, आणि मी ठरवलं की याला सोल्डरिंग आयर्न लावू द्यायची नाही. ऑनलाइन एक फ्री मॅकबूट (मशीनवर बाहेरचे प्रोग्रॅम चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं मेमरी कार्ड मागवलं, विकणाऱ्याने लिहिलं होतं सगळ्या मॉडेलवर चालतं. नाही चालत. इथे माझा आठवडा गेला म्हणून हे लक्ष देऊन वाचा, मशीन उलटं केलं की स्टिकरवर डेट कोड असतो, त्यात आकडा म्हणजे साल आणि अक्षर म्हणजे तिमाही, माझ्यावर ८डी होतं म्हणजे २००८ ची शेवटची तिमाही. ९०००० सिरीजमध्ये ८सी च्या आसपास सोनीने बायोस, म्हणजे मशीन चालू करणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलला, २.३० आणला, आणि फ्री मॅकबूट ज्या दरवाजातून आत शिरतं तो दरवाजाच बंद केला. तो दरवाजा म्हणजे, मशीन चालू होताना मेमरी कार्डवर सिस्टीम अपडेट आहे का ते शोधतं, ही सोय सोनीनेच ठेवली होती, फ्री मॅकबूट त्या अपडेटच्या जागी जाऊन बसतं. त्या फायली एकेका कार्डशी बांधलेल्या असतात, म्हणून मित्राच्या कार्डवरून नुसत्या कॉपी करून आपल्या कार्डवर टाकल्या तर चालत नाहीत, इन्स्टॉलरनेच टाकाव्या लागतात.

तेच कार्ड मी चिपवाल्या ७७००० मध्ये लावलं तर पहिल्या झटक्यात चालू! आणि मग त्याच मशीनवर यूलॉन्चएल्फ (फायली हलवायचा प्रोग्रॅम) उघडून दुसऱ्या साध्या कार्डवर ओपनट्यूना टाकलं, जे फ्री मॅकबूटचंच काम करतं आणि २.३० बायोसवरसुद्धा चालतं. ते आपोआप सुरू होत नाही, पीएस टू च्या मेनूतल्या ब्राउझरमध्ये, म्हणजे कार्डवरचे सेव्ह दिसतात तिथे, जाऊन कार्ड उघडायचं, तिथे आयकॉन लोड होताना ते जागं होतं. रोज दोन बटणं जास्त दाबावी लागतात, एवढाच त्रास. ज्यांच्याकडे असं मदतीला दुसरं मशीन नाही त्यांच्यासाठी २०२० पासून फ्रीडीव्हीडीबूट आहे, पीएस टू च्याच डीव्हीडी प्लेयरमधली चूक वापरतं, एक डिस्क बर्न केली की झालं, चिप नको, कार्डसुद्धा नको, पण त्यालाही लेन्स धडधाकट हवी.

आता खरी मजा ओपन पीएस टू लोडरची, ओपीएल म्हणतात सगळे, कार्डवरून सुरू होणारा हा प्रोग्रॅम डिस्कऐवजी पेन ड्राइव्हवरच्या किंवा नेटवर्कवरच्या इमेजमधून गेम चालवतो. सुरुवात मी पेन ड्राइव्हने केली आणि तीन दिवसांत कंटाळलो. पीएस टू चा यूएसबी १.१ आहे, सेकंदाला १२ मेगाबिट, प्रत्यक्षात एक एमबीच्या आसपास, आणि त्याच मशीनचा डीव्हीडी ड्राइव्ह चारच्या स्पीडने पाच एमबीच्या वर देतो, म्हणजे गेम बनवणाऱ्याने ज्या वेगाचा हिशेब धरला होता त्याच्या पाचवा हिस्सासुद्धा नाही. व्हिडिओ अडकत अडकत येतात, सॅन अँड्रियासमध्ये गाडी जोरात पळवली की रस्ता मागाहून येतो. जुन्या ओपीएलमध्ये पेन ड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या पद्धतीनेच फॉरमॅट केलेला लागतो, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही म्हणून तुकडे करावे लागतात, आणि फाइल ड्राइव्हवर विखुरलेली असली तर गेम सुरूच होत नाही, सगळं पुसून एकेक करून परत टाका. कमी वेगाच्या लहान गेमना पेन ड्राइव्ह ठीक आहे, बाकी नाही.

म्हणून नेटवर्क. स्लिमच्या मागे इथरनेटचं पोर्ट आधीपासूनच आहे, इतकी वर्षं आमच्याकडे ते कोणी वापरलंच नव्हतं. घरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, सांबा हा नेटवर्कवर फायली देणारा प्रोग्रॅम चालू केला, पीएस टू ला फायली मागायची जुनी पद्धत, एसएमबी वनच कळते म्हणून सेटिंगमध्ये ती मुद्दाम परवानगी देऊन उघडावी लागली, सुरक्षेसाठी विंडोज १० मध्येही ती आता बंद असते, म्हणून तो लॅपटॉप मी इंटरनेटला जोडतच नाही, एक केबल थेट पीएस टू ला, बस. त्यानंतर पाच महिने झाले, गॉड ऑफ वॉर टू सुरुवातीपासून शेवटपर्यंत झाला, एकही व्हिडिओ अडकला नाही. काही गेमना ओपीएलमध्ये मोड वन किंवा मोड थ्री ही जुळवून घेणारी सेटिंग लावावी लागते, एकदा लावली की त्या गेमसाठी सेव्ह राहते. खेळता खेळता मेनूवर यायचं तर एल वन, एल टू, आर वन, आर टू, स्टार्ट, सिलेक्ट एकदम दाबायचं, भाच्याने हे एका दिवसात पाठ केलं, माझी बोटं अजून चुकतात. आणि लेन्सला या पाच महिन्यांत काहीच काम पडलेलं नाही, त्याचंच मला सगळ्यात जास्त समाधान, कारण नवीन पीएस टू कोणी बनवत नाही, सोनीने २०१३ च्या सुरुवातीला बनवणं थांबवलं, जे शिल्लक आहे ते आपल्यालाच जपायचं आहे.

चिपची बाजू एका ठिकाणी अजून भक्कम आहे, पीएस वनच्या डिस्क. ओपीएल पीएस वनचे गेम चालवत नाही, त्यासाठी पॉपस्टार्टर हा वेगळा प्रोग्रॅम आहे पण माझ्या सात गेमपैकी तीन त्यावर नीट चालले नाहीत, कुठे आवाज फाटतो कुठे अडकतं. चिपवाल्या मशीनमध्ये त्याच गेमच्या सीडी-आर सरळ चालतात. २०२१ ला मेकाप्वन नावाचं सॉफ्टवेअर आलं, ते थेट मेकाकॉनच्या सेटिंगमध्येच बदल करतं आणि चिपशिवाय पीएस वनच्या कॉपी डिस्क चालतात, पण ते मशीनच्या कायमच्या मेमरीत लिहितं, मध्येच लाइट गेली तर काय, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट कशी जाते ते सगळ्यांना माहीत आहे. मी नाही केलं. कार्ड काढलं की मशीन होतं तसंच राहतं, मला तेच आवडतं.

कायद्याचंही लोक विचारतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये स्वतःच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत खराब होण्यापासून बचाव म्हणून बॅकअप काढायला जागा आहे, आणि २०१२ साली आलेलं कलम ६५ए हक्क मोडायच्या हेतूने लॉक तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, दोन वर्षांपर्यंत. मी वकील नाही, पण यातून मी स्वतःपुरता एक नियम केला, ज्याची डिस्क कपाटात आहे त्याचीच इमेज लॅपटॉपवर राहील, आणि ती कोणाला देणार नाही. मित्र नाराज होतात, होऊ देत.

आणि ही मेहनत का, तर एक डिस्क. हनुमान: बॉय वॉरियर, २००९ चा, आपल्या देशातच बनलेला पीएस टू चा गेम, बाबांनी मुद्दाम शोधून आणला होता, हनुमानाचा गेम आहे म्हणून. गेम म्हणून फार थोर नाही, कॅमेरा त्रास देतो, पण बाबांनी शेजारी बसून पाहिलेला तो एकच गेम. डिस्कच्या मधल्या भोकाजवळ बारीक तडा गेलाय. चिपवाल्या मशीनमध्ये ती फिरवायची माझी हिंमत झाली नाही, तडा गेलेली डिस्क जोरात फिरली तर फुटू शकते. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह सगळ्यात कमी स्पीडला बांधून इमेज काढली, दोन ड्राइव्हवर एरर आल्या, तिसऱ्या एका जुन्या ड्राइव्हने शेवटपर्यंत वाचली. त्या रात्री ओपीएलवर लावली तेव्हा बाबा झोपले होते, सकाळी पोहे खाताना त्यांना दाखवली, ते चष्मा लावून जवळ येऊन बसले.

सध्या ८डी वालं मशीन हॉलमध्ये केबल लावून आहे. चिपवालं आई-बाबांच्या खोलीत, पीएस वनसाठी, त्याचं कव्हर मी दर महिन्याला उघडून धूळ काढतो.