सुट्टीआधीचे तीन आठवडे: तालीम की ट्रे?

सणाची मोठी सुट्टी तीन आठवड्यांवर आली की मॉन्टेसरी वर्ग चालवणाऱ्यांना एक निर्णय घ्यावाच लागतो. एक वाट सगळ्यांच्या ओळखीची आहे: पालकांसाठी कार्यक्रम बसवायचा, गाणी पाठ करून घ्यायची, ताईंनी वर्ग सजवायचा आणि प्रत्येक मुलाच्या हातात घरी न्यायला एकसारखी वस्तू द्यायची. दुसरी वाट म्हणजे सणाची कामं जीवनव्यवहाराच्या (ओतणं, पुसणं, बांधणं अशा रोजच्या हातकामांच्या) ट्रेवर मांडून कपाटात ठेवायची आणि रोजच्या कामाच्या वेळेतच मुलांना ती करू द्यायची. दोन्ही वाटांवर सण साजरा होतो. वर्गाचं त्या तीन आठवड्यांत काय होतं, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. ही तुलना मुख्यतः 3 ते 6 वयाच्या मिश्र वर्गासाठी आहे. मोठ्या मुलांचा हिशेब वेगळा असतो, तो पुढे येईल.

आधी वेळ मोजा

सकाळी 9 ते 12 असा सलग तीन तासांचा कामाचा वेळ धरू. या वेळेला एक चढउतार असतो आणि ही पद्धत घडवणाऱ्या मारिया मॉन्टेसरींनी तो नोंदवून ठेवला आहे. मूल आल्याआल्या ओळखीचं, सोपं काम घेतं, मग थोडं अवघड घेतं. साधारण 10 च्या सुमारास वर्गात चुळबुळ सुरू होते. मुलं फिरतात, बोलतात, आवाज वाढतो. बघणाऱ्याला वाटतं, दमली. खरं तर हा थकवा वरवरचा असतो. मोठ्यांनी मध्ये हात घातला नाही तर दहा-पंधरा मिनिटांत वर्ग पुन्हा शांत होतो आणि त्यानंतर मुलं दिवसातलं सगळ्यात मोठं काम निवडतात.

तालीम नेमकी याच चुळबुळीच्या वेळी ठेवली जाते, कारण 'तशीही मुलं कंटाळलेली दिसतात'. त्यामुळे फटका त्या मोठ्या कामालाच बसतो. तालीम 45 मिनिटांची, त्याआधी साहित्य आवरून रांगेत यायला 10 मिनिटं, नंतर पुन्हा कामाला लागायला 15. म्हणजे रोज 70 मिनिटं गेली. 15 दिवसांचे साडेसतरा तास होतात, जवळजवळ सहा पूर्ण सकाळी. शिवाय उरलेला वेळही दोन तुकड्यांत मोडतो. तासाभरानंतर उठायचं आहे हे एकदा कळलं की पाच वर्षांचं मूल सोनेरी मण्यांची (एकक, दहा, शंभर, हजार हातात धरून मोजायच्या साहित्याची) मोठी बेरीज काढतच नाही.

ट्रेची वाट मुलांचा वेळ खात नाही, ताईंचा खाते. प्रत्येक ट्रे आधी स्वतः तीन-चार वेळा करून बघावा लागतो, कागद कापून ठेवावे लागतात आणि वर्ग सुटल्यावर रोज अर्धा तास भरणा करावा लागतो. हे कष्ट लपवून ही वाट कुणाला सुचवू नये.

शिकणं कुठे किती

तालमीत मूल काहीच शिकत नाही, असं म्हणणं चूक आहे. चार जणांत उभं राहणं, दुसऱ्याचा सूर ऐकून आपला धरणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं ही खरी कौशल्यं आहेत. अडचण प्रमाणाची आहे. 28 मुलांच्या वर्गात 45 मिनिटांच्या तालमीत एकेका मुलाच्या वाट्याला स्वतः करायचं असं दोन-तीन मिनिटांचंच येतं, बाकीचा वेळ 'हलू नकोस' ऐकण्यात जातो. तीन वर्षांच्या मुलासाठी तर ती निव्वळ वाट बघण्याची शिक्षा असते.

सणाच्या तयारीत हाताने करायची अस्सल कामं मात्र भरपूर असतात: कापणं, चिकटवणं, घडी घालणं, बांधणं, फुलं लावणं, धातूच्या वस्तू चकचकीत करणं, पाहुण्याला पाणी देणं. जीवनव्यवहाराच्या कपाटाला वर्षभर लागणारा हेतू इथे आयता मिळतो. कार्यक्रमाच्या वाटेवर ही सगळी कामं मोठी माणसं रात्री जागून उरकतात, याची हळहळ वाटते.

जवळून बघायचं तर कागदी साखळीचा ट्रे घ्या. 3 सेंटिमीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर लांब अशा 10 पट्ट्या, छोट्या झाकणात अर्धा चमचा गोंद, एक सेंटिमीटर रुंदीचा चपटा ब्रश, बोटं पुसायला ओला स्पंज आणि खाली अंथरायला जाड कागद. पट्टीच्या एका टोकाला दीड सेंटिमीटरवर पेन्सिलीने फिकट रेघ मारून ठेवायची, गोंद तिथपर्यंतच लावायचा. ब्रश झाकणाच्या कडेला टेकवून निथळायचा, एकदाच ओढायचा, टोकं एकावर एक ठेवायची आणि अंगठा व तर्जनीत धरून सावकाश दहा मोजायचे. इथे हमखास बिघडतं ते गोंदाच्या प्रमाणात. झाकण काठोकाठ भरलं की मूल ब्रश बुडवून काढतं, कागद पाणी पिऊन मऊ पडतो, टोकं घसरतात, आठव्या आकड्याला कडी उघडते. मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. उपाय मुलाला सांगायचा नसतो, झाकणातला गोंद कमी करायचा असतो. कडी टिकली की नाही हे मुलाला स्वतःलाच दिसतं. चूक दाखवणारं काम साहित्यानेच केलं, ताईंना तोंड उघडावं लागलं नाही.

याच साखळीला मोठी मुलं गणिताकडे नेतात. दहा कड्या एका रंगाच्या, पुढच्या दहा दुसऱ्या, अशा दहा रंगांच्या शंभर कड्या केल्या की मण्यांच्या शंभराच्या साखळीचीच ती जोडीदार होते. दर दहावर आकड्याची चिठ्ठी लावायची. लहानांनी कड्या केल्या, मोठ्यांनी मोजल्या, असं मिश्र वयाचं काम तालमीत जुळवून आणणं कठीण असतं.

भेटवस्तू गुंडाळण्याचा ट्रे पाच वर्षांपुढच्यांसाठी. 10 × 10 × 5 सेंटिमीटरचा खोका असेल तर कागद 33 × 18 सेंटिमीटर हवा: खोक्याभोवतीचा फेरा 30 सेंटिमीटर, त्यावर 3 चा दुमड, आणि दोन्ही बाजूंना 4-4 सेंटिमीटरची घडी. कागद यापेक्षा मोठा दिला की टोकांशी बोळा होतो, लहान दिला की खोका उघडा पडतो. चिकटपट्टीचे तीन तुकडे ट्रेच्या कडेला आधीच लावून ठेवा. चिकटपट्टी कापणं आणि कागद गुंडाळणं या दोन अवघड गोष्टी एकाच ट्रेवर आल्या की दोन्ही फसतात. रिबन 70 सेंटिमीटर पुरते. गाठीच्या चौकटीवर (गाठ मारायचा सराव करायच्या साहित्यावर) जे मूल स्वतः फुलगाठ मारतं त्यालाच रिबन द्यावी, बाकीच्यांचा खोका रिबनीशिवायही छान दिसतो.

शुभेच्छापत्रासाठी 28 × 14 सेंटिमीटरचा कागद घ्या. मधोमध घडी घातली की 14 × 14 चा चौकोन होतो आणि त्यावर धातूच्या आकारांची चौकट (कडेने पेन्सिल फिरवून आकार काढायचा साचा) बरोबर बसते. मुखपृष्ठावर मुलाने स्वतः काढलेला आणि समांतर रेघांनी भरलेला आकार. आतला मजकूर मुलाच्या मनातला हवा. 'शुभेच्छा' या शब्दातलं जोडाक्षर नवशिक्याला जड जातं, म्हणून तो फळ्यावर लिहून सगळ्यांकडून उतरवून घेण्याचा मोह होतो. तसं करू नये. 'आजी तू लवकर ये' हे मूल सुट्या अक्षरांनी जुळवतं, मग वाचतं, मग जमलं तर लिहितं. जुळवताना एखादी वेलांटी चुकली तर त्या क्षणी थांबवायचं नाही. हाताला लिहिणं अजून जमत नसेल तर जुळवलेल्या ओळीवरून ताईंनी लिहून द्यावं.

आता याच्या शेजारी कार्यक्रमाच्या वाटेवरचं शुभेच्छापत्र ठेवा. आकार मोठ्यांनी कापलेले, मुलाने फक्त ठिपक्यावर चिकटवले, वाकडं लागलेलं ताईंनी सरळ केलं. अशी 28 पत्रं भिंतीवर ओळीने सुंदर दिसतात, पण आपलं कोणतं हे मुलालाही नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

ट्रेची वाट कुठे फसते

बहुतेक वेळा फसते ती घाईने. सणाचे सहा ट्रे केले आणि सगळे सोमवारी सकाळीच मांडले की सगळा वर्ग तिथे धावतो, रांगा लागतात, भांडणं होतात आणि गुरुवारपर्यंत उत्साह विझतो. एका दिवसाआड एक ट्रे आणावा. तो आधी एका-दोघांनाच दाखवावा, बाकीची मुलं त्यांचं पाहून येतात. प्रत्येक कामाचा ट्रे एकच असतो, म्हणून थांबणंही आपोआप शिकलं जातं, आणि हे थांबणं तालमीतल्यापेक्षा निराळं, कारण मूल तोवर दुसरं काम करत असतं.

जागा करायची म्हणून गुलाबी मनोरा (लहानमोठे ठोकळे रचायचं साहित्य) किंवा वाळूकागदाची अक्षरं (बोटाने गिरवायची) हलवणं ही दुसरी चूक. फक्त जीवनव्यवहाराच्या कपाटातले, सध्या कुणी हात न लावणारे ट्रे काढावेत. इंद्रियशिक्षणाच्या, भाषेच्या आणि गणिताच्या कपाटांना हात लावू नये. चमकी, टिकल्या, चार रंगांचे गोंद असं सगळं एकाच ट्रेवर कोंबलं की काम संपायच्या आधी पसाराच होतो. आणि संपलेल्या पट्ट्या भरल्या गेल्या नाहीत तर 10 वाजता ट्रे रिकामा दिसतो. मुलं दोनदा तसं पाहतात, तिसऱ्यांदा येत नाहीत.

एखादं मूल रोज साखळीच करत बसलं तर? चार-पाच दिवस करू द्या. पुन्हापुन्हा करणं हेच तर त्या वयाचं बळ आहे. हात यंत्रासारखा चालतोय आणि नजर दाराकडे आहे असं दिसलं, तरच हळूच दुसरं काम दाखवावं.

तालमीची बाजू कुठे वरचढ

पालकांना मूल दिसतं. ही गोष्ट क्षुल्लक समजू नये, शाळेवरचा विश्वास त्यातून वाढतो. एकत्र गाण्याचा आनंदही खराच आहे. पण या दोन्हींसाठी मंच लागत नाही. वर्षभर रोज शेवटच्या 15 मिनिटांत गाणी होत असतील तर सणाच्या दिवशी त्यातलीच चार गाणी गायची, वेगळी तालीम नको. पालकांना अर्ध्या तासासाठी वर्गातच बोलवावं. मूल त्यांना आपल्या चटईवर नेतं, दोन कामं करून दाखवतं, पाणी आणून देतं. त्यासाठी पाहुण्याचं स्वागत कसं करायचं, खुर्ची कशी द्यायची, ट्रे कसा न्यायचा हे तीन-चार मुलांच्या गटात पाच-पाच मिनिटं आधीच्या दोन आठवड्यांत दाखवून ठेवावं. पेल्याचा ट्रे आधी रिकाम्या पेल्याने, मग दोन तृतीयांश भरलेल्या. नव्याने आलेलं तीन वर्षांचं मूल पालकाला बिलगून नुसतं बसलं, तर तेही चालतं.

6 ते 12 वयोगटात मात्र पारडं फिरतं. या वयाला गट हवा असतो, नाटक हवं असतं. संहिता मुलांनी लिहिली, पडद्याचं माप त्यांनी घेतलं, निमंत्रणं त्यांनी लिहिली, खर्चाचा हिशेब त्यांनी ठेवला तर ती तालीम हाच त्यांचा अभ्यास आहे. शिक्षकांनी नाटक दिग्दर्शित करायला घेतलं की मग तेही लहानांच्या कार्यक्रमासारखंच होतं.

तुमच्या वर्गाला काय झेपेल

वर्गात दोन मोठी माणसं आणि किमान तिसरा हिस्सा मुलं वर्षभरापेक्षा जुनी असतील, तर सहा ट्रे आरामात चालतात. एकट्या ताई असतील किंवा वर्ग नुकताच सुरू झाला असेल तर साखळी, फुलांची मांडणी आणि वस्तू चकचकीत करणं एवढे तीनच घ्या. ज्या शाळेत सकाळ 40 मिनिटांच्या तासिकांत चिरलेली आहे, तिथे ट्रे मांडूनही फार फरक पडणार नाही. आधी तासिका जोडून सलग वेळ करावा लागेल. आणि व्यवस्थापनाने कार्यक्रमाची तारीख ठरवूनच टाकली असेल तर निदान तीन अटी मागून घ्या: तालमी पाचच, त्याही कामाचा वेळ संपल्यावर, आणि चार वर्षांखालच्या मुलांना सक्ती नाही.

सजावट कोणत्याही वाटेवर थोडीच बरी. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण मीटरभर, एक भिंत किंवा एक टेबल तेवढं सणाचं. छतापासून झिरमिळ्या सोडल्या की त्या मोठ्यांनाच दिसतात, आणि कपाटांवर लावलेल्या असतील तर मुलाची नजर साहित्यावरून घसरते.

सुट्टीच्या आधीचे शेवटचे दोन दिवस आवरण्यासाठी राखून ठेवा. सणाचे ट्रे एकेक करून उचलायचे, उरलेल्या पट्ट्या आकाराप्रमाणे लावून पेटीत ठेवायच्या. टेबलं धुणं, झाडांची पानं ओल्या कापसाने पुसणं, मण्यांच्या साखळ्यांची धूळ झटकणं ही कामं मुलांनीच करायची. सोनेरी मणी दहांच्या पट्ट्यांत पूर्ण आहेत का, 0 ते 9 च्या खणांच्या पेटीतल्या 45 चात्या (मोजायच्या लाकडी काड्या) मोजून भरल्या का, हे सहा वर्षांची मुलं चोख बघतात. हरवलेला मणी सुट्टीआधीच सापडतो, आणि परत आल्यावर पहिल्या सकाळी ज्या मुलाला शून्याच्या खणापासून सुरुवात करायची असेल त्याला पेटी पूर्ण मिळते.